शाळेत प्रयोगशाळा नसताना जैवतंत्रज्ञानाचे प्रयोग मुलांकडून कसे करून घ्यावेत?

नववी-दहावीच्या पुस्तकात जैवतंत्रज्ञान आहे, पण शाळेत धड प्रयोगशाळा नाही, मग मुलांच्या हातून प्रयोग कसे व्हायचे, असं तुम्ही विचारलंय. होतात. मी परभणी जिल्ह्यातल्या एका गावात विज्ञान शिकवतो. महागडं किट मागवण्याआधी गावचं शिवार बघा, असं माझं ठाम मत आहे.

सुरुवात केळ्यापासून करा. नांदेड जिल्ह्यातल्या अर्धापूरमुळे आपल्याकडे केळ्याला तोटा नाही. केळ्याचा तुकडा थोड्या पाण्यात कुस्करायचा, त्यात चिमूटभर मीठ आणि भांडी घासायचं लिक्विड घालून हलक्या हाताने ढवळायचं. फेस होऊ द्यायचा नाही. पेशीचं आणि केंद्रकाचं पटल स्निग्ध असतं, ते साबणाने फुटतं आणि डीएनए मोकळा होतो. दहा मिनिटांनी सुती फडक्यातून गाळून परीक्षानळीत घ्या. मग मेडिकलमधलं आयसोप्रोपिल अल्कोहोल बर्फात गार करून, नळी तिरकी धरून कडेकडेने सोडा. दोन थरांच्या मधोमध पांढरट, चिकट तंतू दिसू लागतात आणि काडीवर गुंडाळताही येतात. अल्कोहोल पेट घेतं, त्यामुळे जवळपास मेणबत्ती किंवा स्टोव्ह नको. आणि पोरांना खरं तेच सांगा: हा एक रेणू नाही, असंख्य पेशींतल्या डीएनएचा गुंता आहे, त्यात थोडी प्रथिनंही अडकलेली असतात.

हे प्रत्येक गटाने स्वतः करायचं. सरांनी टेबलावर करून दाखवलं तर मागच्या बाकावरच्यांना काहीच दिसत नाही.

सोयाबीन फुलात आलं की तास शेतातच घ्या. झाड उपटू नका, मुळांवरच्या गाठी मातीतच तुटून राहतात. खुरप्याने मातीसकट काढून मुळं पाण्यात बुडवा. गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लाल असेल तर ती हवेतला नत्र बांधतेय. तो रंग लेगहिमोग्लोबिन नावाच्या प्रथिनाचा. रब्बीत हरभऱ्याची एक कुंडी बियाण्याला रायझोबियम (या गाठी तयार करणारे जिवाणू) लावून, एक न लावता करा. पण शेतातली माती नको, तिच्यात हे जिवाणू आधीच असू शकतात आणि मग दोन्ही कुंड्यांत गाठी येतात. उकळून घेतलेली नदीची वाळू वापरा, आणि न लावलेलं बी आधी पेरा, म्हणजे हाताला लागलेलं संवर्धक तिकडे जाणार नाही.

एवढं झालं की बीटी कपाशी शिकवणं सोपं जातं. 2002 मध्ये परवानगी मिळालेलं हे बियाणं पोरांच्या घरी दरवर्षी येतं, पण त्यात बोंडअळीला मारणारं विष तयार करणारं, मातीतल्या एका जिवाणूचं जनुक घातलंय हे बहुतेकांना माहीत नसतं. मग गुलाबी बोंडअळी का मरत नाही, हा प्रश्न येणारच. अळीतही बदल होतात आणि तग धरणाऱ्या अळ्यांची पिढी वाढते, हे तिथेच समजावता येतं.

हातावरचे जंतू ताटलीत वाढवण्याचा प्रयोग मात्र शाळेत करू नका. काय वाढलंय ते ओळखायची आणि नीट नष्ट करायची सोय आपल्याकडे नसते.

पीसीआरसारखी (डीएनएच्या असंख्य प्रती काढणारी) यंत्रं दाखवायची असतील तर लातूरला कृषी जैवतंत्रज्ञान महाविद्यालय आहे, परभणीला कृषी विद्यापीठ आहे. मुख्याध्यापकांच्या सहीचं पत्र देऊन भेटीची रीतसर परवानगी मागा.