कॅनन, कानू आणि ‘बनावट’ नियम

प्रश्न असा आला आहे: चिमुकले सैनिक मेजावर मांडून खेळायच्या मिनिएचर वॉरगेममध्ये खेळाडूंनी स्वतः रचलेल्या पलटणी, नियम, मोहिमा यांना ‘नॉन-कॅनन’, म्हणजे अधिकृत नसलेलं, म्हणतात. यातला कॅनन म्हणजे तोफ का? आणि अशा साहित्याला मराठीत ‘बनावट’ म्हटलं तर चालेल का?

अजिबात चालणार नाही. हा शब्द या अर्थाने ऐकला की डोकं फिरतं. सजावट तशी बनावट, म्हणजे मुळात नुसती घडण. पण आजच्या मराठीत त्याला लबाडीचा वास आहे: बनावट नोट, बनावट सही. एखाद्याने आपल्या पलटणीसाठी ‘चाल 6 इंच’ असा तक्ता आखला आणि तो स्वतःच्या नावावर सर्वांपुढे ठेवला, तर फसवलं कोणाला? त्याला हौशी नियम म्हणा. हौशी नाटकाला आपण बनावट नाटक म्हणत नाही.

आता कॅनन. तोफवाल्या कॅननच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक एन जास्त असतो. देवनागरीत तो फरक पुसला जातो आणि गोंधळ होतो. पण गंमत म्हणजे दोन्ही शब्द एकाच बोरूचे! ग्रीक ‘कान्ना’ म्हणजे बोरू, पोकळ काडी. पोकळ म्हणून लॅटिन, इटालियनमार्गे तिची नळी झाली आणि नळीची तोफ. सरळ म्हणून त्याच काडीची ग्रीकमध्ये ‘कानोन’ झाली, म्हणजे मापाची पट्टी, आणि पट्टीवरून नियम. हाच कानोन अरबीत ‘कानून’ झाला आणि फारसीतून आपल्याकडे आला. कायदेकानू, कानूजाबता यांतला ‘कानू’ तो हाच. त्यातही ग्रीकांनी ती काडी घेतली होती सेमिटिक भाषांकडून, म्हणजे अरबीच्याच कुळातून. त्याच कुळातल्या प्राचीन अक्कडी भाषेत बोरूला ‘कनू’ म्हणत. म्हणजे काडी म्हणून गेलेला शब्द अरबीत कायदा होऊन घरी परतला.

काही विद्वान इथे लगेच चर्चचं धर्मशास्त्र काढतात. कॅनन म्हणजे अधिकारी संस्थेने मान्य केलेलं, तेव्हा कंपनीने छापलं तेच कॅनन आणि बाकी सगळं पाखंड, असा त्यांचा निकाल. हे साफ अर्धवट आहे. चर्चचा अर्थसुद्धा त्या पट्टीवरूनच आला, आणि या खेळात तर सैनिकांची चाल मोजायला पट्टी रोज हातात असते. माझं ठाम मत असं, की वॉरगेममध्ये कॅनन म्हणजे ज्या मापाने दोघे समोरासमोर बसून खेळायला तयार होतात ते माप. ते कोणी छापलं हा पुढचा प्रश्न.

इतिहास माझ्या बाजूचा आहे. इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांनी 1913 साली ‘लिटल वॉर्स’मध्ये जे नियम दिले, ते मित्रांबरोबर खेळताखेळता घडलेले. पायदळाची चाल 1 फूट, घोडदळाची 2 फूट, माप दोरीने. आणि खेळण्यातली स्प्रिंगची तोफ इंचभर लाकडी तुकडा खरोखर उडवायची. एकाच खेळात काडीची दोन्ही लेकरं! 1971 चं ‘चेनमेल’ हे वॉरगेमच्या नियमांचं पुस्तक घ्या. जेफ पेरेन या हौशी खेळाडूने मध्ययुगीन लढायांसाठी थोडके नियम लिहिले, गॅरी गायगॅक्सने ते वाढवले आणि शेवटी जादूगार-ड्रॅगनांची पुरवणी जोडली. पात्रांच्या भूमिका घेऊन खेळायचं 1974 चं ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ त्यातूनच उगवलं. तेव्हा कॅनन ठरवणारं होतं कोण?

उलट दाखलाही आहे. गेम्स वर्कशॉप या कंपनीने 2015 मध्ये आपल्या ‘वॉरहॅमर’ या वॉरगेमचं जुनं काल्पनिक जग मोडलं आणि त्याजागी ‘एज ऑफ सिग्मार’ हा नवा खेळ आणला. ज्यांच्याकडे रंगवलेल्या फौजाच्या फौजा होत्या त्या खेळाडूंनी ‘द नाइन्थ एज’ नावाने स्वतःचे नियम उभे केले, सुधारत नेले, त्यांवर स्पर्धा भरवल्या. कंपनी त्या जुन्या जगाकडे वळली ती 2024 मध्ये, ‘द ओल्ड वर्ल्ड’ घेऊन. मधली वर्षं चौकोनी तळांवरच्या त्या फौजा ज्या पट्टीने मोजल्या गेल्या, तिला नॉन-कॅनन म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

राहिलं ‘बनावट’. कंपनीच्या मूर्तीवरून चोरून साचा काढायचा, त्यात रेझिन ओतायचं आणि ती मूर्ती अस्सल म्हणून खपवायची, हे बनावट. तो शब्द तिथे खुशाल वापरा.