एक्स्टर्नल हार्ड डिस्क घेण्याआधी

डिस्कची घाई करू नका. आधी तुमच्या डीव्हीआरचा (सीसीटीव्ही कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणाऱ्या डब्याचा) यूएसबी पोर्ट कशासाठी आहे ते मॅन्युअलमध्ये बघा. बऱ्याच डीव्हीआरमध्ये तो फक्त बॅकअप काढायला असतो, त्यावर सलग रेकॉर्डिंग होतच नाही. नवे लोक सगळ्यात जास्त इथेच फसतात.

मग हिशेब. ४ एमबीपीएसवर (सेकंदाला ४ मेगाबिट डेटा) सतत चालणारा एक कॅमेरा दिवसाला साधारण ४३ जीबी खातो. चार कॅमेऱ्यांना २ टीबीची डिस्क जेमतेम ११ दिवस पुरते. कमी वाटत असेल तर मोशन रेकॉर्डिंग (हालचाल झाली तरच रेकॉर्डिंग) लावा, बराच फरक पडतो.

एवढं मात्र सांभाळा:
- फॉरमॅट डीव्हीआरमधूनच करा. त्यात आतलं सगळं पुसलं जातं, म्हणून घरचे फोटो असलेली डिस्क चुकूनही लावू नका.
- ओव्हरराइट (सगळ्यात जुनं पुसून त्यावर नवं रेकॉर्डिंग) चालू ठेवा, नाहीतर डिस्क भरली की रेकॉर्डिंग थांबतं.
- डिस्क बंद कपाटात कोंडू नका, तापते.

आणि दर आठवड्याला जुनं फुटेज लावून बघाच. दिवा लुकलुकतोय म्हणजे रेकॉर्डिंग होतंय, असं मी कित्येक महिने धरून चाललो होतो. गरज पडली तेव्हा डिस्क रिकामी निघाली. महत्त्वाची क्लिप दिसली की त्याच दिवशी दुसरीकडे कॉपी करा. रेड (अनेक डिस्क एकत्र जोडून वापरणं), नॅस (नेटवर्कवरची साठवण) वगैरे नंतर बघू.