३ इंची ड्रोनचा थ्रॉटल जरा हलवला की थेट छताला, काय करू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ३ इंची प्रॉपचा (पंख्याचा) क्वाड, म्हणजे चार मोटरचा ड्रोन, घरीच जोडलाय, उड्डाण सांभाळणारं सॉफ्टवेअर बीटाफ्लाइट आहे, ईएससी (मोटरचा वेग ठरवणारं सर्किट) डीशॉट या डिजिटल सिग्नलवर. ३एस (तीन सेलची) बॅटरी फुगली म्हणून दुकानदाराने दिलेली ४एस (चार सेलची) लावली. थ्रॉटलची (मोटरची ताकद ठरवणारी) स्टिक पाव भागावर असताना ड्रोन तरंगतो, तिथून केसभर वर नेली की छताकडे झेपावतो, केसभर खाली आणली की धप्पकन आपटतो. गोरेगावच्या फ्लॅटमध्ये सराव चाललाय आणि पीआयडी (ड्रोन सावरण्याचे आकडे) बदलून काही फरक पडला नाही.

पीआयडीने पडणारही नाही. त्याचं काम ड्रोन सरळ ठेवण्याचं. किती जोराने वर उचलायचं हे तुमची स्टिक ठरवते. मला यात बिघाड दिसतच नाही. वजनाच्या मानाने ताकद फार झालीये, एवढंच. ३एसवरून ४एसवर गेलात म्हणजे व्होल्टेज ४/३ पट. प्रॉपचा जोर साधारण फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून कागदावर जवळपास पावणेदोन पट. आधी मोटर आणि ईएससी ४एस झेपणारे आहेत का ते बघा. नसतील तर बाकी सगळं सोडा आणि ३एस आणा.

झेपणारे असतील तर पुढचा हिशेब. २५ टक्के थ्रॉटलवर तरंगणाऱ्या ड्रोनची स्टिक १ टक्का हलली की जोर सुमारे ८ टक्क्यांनी बदलतो. तोच ड्रोन ५० टक्क्यांवर तरंगत असता तर ४ टक्क्यांनी. म्हणजे तरंगण्याची जागा स्टिकच्या मध्याकडे आणली की अर्धा त्रास तिथेच संपतो. ती जागा आत्ता कुठे आहे हे अंदाजाने ठरवू नका. ड्रोनच्या कॅमेऱ्याचं चित्र दाखवणारे गॉगल्स असतील तर ओएसडीवर (चित्रावर उमटणाऱ्या माहितीत) थ्रॉटलचा आकडा घ्या, नसतील तर रिमोटच्या चॅनेल मॉनिटरवर बघा. तिथे मोजणी बहुधा −१०० ते +१०० असते, तेव्हा −५० म्हणजे पाव थ्रॉटल.

आता बीटाफ्लाइटच्या रेट्सच्या पानावर थ्रॉटल लिमिट शोधा. त्यात स्केल आणि क्लिप असे दोन प्रकार आहेत आणि इथेच बरेच जण फसतात. क्लिप फक्त वरचा भाग छाटतो. खालच्या भागात स्टिक आधीइतकीच तिखट राहते, त्यामुळे तुमच्या कामाचा नाही. स्केल निवडा आणि ५० टक्के द्या. अख्खी स्टिक अर्ध्या ताकदीवर पसरते. मोटर आउटपुट लिमिट नावाचंही एक सेटिंग आहे, पण ते स्थिर राहण्यासाठी लागणारी ताकदही कमी करतं. थ्रॉटल लिमिट ती राखून ठेवतं, म्हणून घरातल्या सरावाला मी तेच वापरतो.

एवढ्यावर बहुतेकांचं भागतं. आणखी मऊ हवं असेल तर थ्रॉटल मिड आणि एक्स्पो. मिड म्हणजे जिथे तरंगतो ती स्टिकची जागा. स्केल केल्यावर ती मध्याजवळ आली असेल तर मिड ०.५० ठेवा. एक्स्पो, म्हणजे त्या जागेभोवती प्रतिसाद किती मऊ करायचा, ०.२ ते ०.३ पुरे. कोणी ०.६ सांगेल, पण मग मधला भाग मऊ आणि टोकं अंगावर येणारी होतात, आणि घाबरून स्टिक ओढताना हात नेमका टोकाकडेच जातो. रिमोटमध्ये थ्रॉटलचा वेगळा कर्व्ह (स्टिक आणि ताकद यांची रेघ) टाकला असेल तर काढून टाका. दोन ठिकाणी वाकवलेली रेघ नंतर कुणालाच उलगडत नाही. थ्रॉटल बूस्टही शून्य करा, तो झटकन हलवलेल्या स्टिकला आणखी धक्का देतो.

हे करूनही ड्रोन दचकत राहिला तर मात्र बिघाड शोधायचा. प्रॉप काढून ठेवा (हे टाळू नका) आणि रिसीव्हरच्या पानावर थ्रॉटलची पट्टी बघा. ती १००० ते २००० सलग सरकली पाहिजे. हात न लावता आकडा उड्या मारत असेल तर गिम्बलचं (स्टिकच्या बैठकीचं) पोटेन्शियोमीटर, म्हणजे स्टिकची जागा मोजणारा भाग, घाण झालेलं किंवा झिजलेलं असतं. स्टिक फारच सैल वाटत असेल तर गिम्बलमध्ये थ्रॉटलच्या बाजूला पत्र्याची पट्टी दाबणारा स्क्रू असतो, तो थोडा आवळा. स्वस्तात मस्त उपाय.

थ्रॉटल कमी करूनही ड्रोन खाली येत नसेल, उलट चढत असेल, तर ते दुखणं वेगळं. चिरलेला प्रॉप, ढिला मोटर स्क्रू किंवा पीआयडीतला जास्त ठेवलेला डी. कंपनं जायरोत (फिरणं मोजणाऱ्या सेन्सरमध्ये) शिरतात, एअरमोड (थ्रॉटल खाली असतानाही ड्रोन सावरणारी सोय) चालू असल्याने मोटर उगाच पळत राहतात. अर्ध्या मिनिटाच्या उड्डाणानंतर मोटरला बोट टेकवा. चटका बसला तर प्रॉप बदला आणि डी कमी करा.

फ्लॅटबद्दल एक गोष्ट. जमिनीलगत प्रॉपच्या हवेचा उलटा दाब मिळतो, आणि छताजवळ ड्रोन वर ओढला जातो. मुंबईतल्या खोलीत या दोघांच्या मध्ये फारशी जागा उरत नाही, म्हणून साधारण छातीच्या उंचीवर सराव करा, पंखा बंद ठेवून. बाहेर मैदानात न्यायचा तर आधी सरकारचा डिजिटल स्काय नकाशा (ड्रोन कुठे उडवता येतो ते दाखवणारा) बघा. सांताक्रूझ विमानतळ आणि जुहूची धावपट्टी यांच्यामुळे शहराचा मोठा भाग रेड किंवा यलो झोनमध्ये (जिथे परवानगीशिवाय उडवता येत नाही) येतो, शिवाय पोलिसांचे बंदीचे आदेश वेळोवेळी निघतात. ड्रोन २५० ग्रॅमच्या आत आहे म्हणून सगळं माफ, असं नसतं.

तरी नाही जमलं तर मोटरचा केव्ही (दर व्होल्टमागे फेऱ्या), बॅटरीसकट वजन आणि तरंगतानाचा थ्रॉटल हे तीन आकडे इथे लिहा. फोटोपेक्षा त्यांचा उपयोग जास्त होईल.