बीटी कापसावर (बोंडअळी मारणारं जनुक घातलेला कापूस) पेटंट आहे म्हणतात, मग घरची सरकी पेरली तर शेतकऱ्यावर केस होते का?

नाही होत. आणि हे जोर देऊन सांगतोय कारण या एका भीतीपायी आमच्या घरात बाबा आणि दादा वर्षभर एकमेकांशी धड बोलले नाहीत.

२०११ ची गोष्ट, आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात. बाबांनी पहिल्या वेच्यातला चांगला कापूस बाजूला ठेवला, ओळखीच्या जिनवरून (रुई आणि सरकी वेगळी करतात तिथून) त्याचीच सरकी काढून आणली, मायनं ती शेणमातीत चोळून उन्हात वाळवली, आजाच्या काळी करायचे तशी. दादा कृषी केंद्रातून ऐकून आला, "बाबा, कंपनीचं पेटंट हाये त्याच्यावर, केस झाली तं वावर जाईन." बाबा म्हणाले, "वावर माहं, कापूस माहा, मंग सरकी कोनाची?" आणि दोन एकरात टोबली.

पऱ्हाटी उगवली पण एक झाड कमरेला तर दुसरं छातीला, एकाची बोंडं टपोरी, शेजारच्याची सुपारीएवढी, काही झाडं तर अळीनं पार खाल्ली. दादा आजही म्हणतो पेटंटनं मारलं. अरे पेटंटनं नाही, हायब्रीड होतं ते! हायब्रीडची सरकी पेरली की आईबापाचे गुण वेगवेगळे बाहेर पडतात, काही झाडांत बीटी उतरतच नाही.

कायदा तर आपल्या बाजूनं आहे, २००१ च्या वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याचं कलम ३९ बघा, बियाणं ठेवा, पेरा, शेजाऱ्याला द्या, विका. पेटंटचा पैसा कंपनीला बियाण्याच्या पाकिटाच्या भावातून जायचा, २०१६ ला सरकारनं तो पाकिटामागं १६३ वरून ४९ रुपये केला, २०२० ला शून्य. तरी हायब्रीड असल्यानं दरवर्षी पाकीट घ्यावंच लागतं, २०२५ ला ९०१ रुपयांना. म्हणून माझं म्हणणं, पेटंटच्या नावानं बोंबलण्यापेक्षा सरळ वाणातलं (हायब्रीड नसलेलं, सरकीतून तसंच उगवणारं) बीटी मागा, अकोल्याच्या विद्यापीठाच्या रजत वाणापासूनचं रजत बीटी आहे तसं, त्याची सरकी घरी ठेवता येते. हां, गुलाबी बोंडअळी त्यानंही थांबणार नाही. आणि संरक्षित (या कायद्याखाली नोंदलेलं) वाण ब्रँडच्या नावानं पाकिटात भरून विकू नका, ते चालत नाही. चोर बीटीचं, म्हणजे तणनाशक सोसणाऱ्या बेकायदा बियाण्याचं, मी बोलत नाहीये, त्याला मंजुरीच नाही.

दादा हे वाचत असेल तर २०२० नंतरच्या सगळ्या पाकिटांच्या पावत्या माझ्याकडे आहेत, येऊन बघ.