एका पॅकेटने नेमसर्व्हर बंद पडतो, हे खरंय का?

प्रश्न: ऑफिसचा डीएनएस सर्व्हर (नावावरून आयपी पत्ता शोधून देणारा, म्हणजेच नेमसर्व्हर) मी बघतो, त्यावर बाइंड ९ या डीएनएस सॉफ्टवेअरचं बरंच जुनं व्हर्जन आहे. दोनदा आपोआप बंद पडला, लॉगमध्ये 'असर्शन फेल्युअर' आणि पुढे 'एक्झायटिंग'. ट्रॅफिक नेहमीएवढाच होता, मग हा डिनायल ऑफ सर्व्हिस, म्हणजे सेवा बंद पाडणारा हल्ला, कसा? आणि फायरवॉलने भागेल का?

उत्तर: त्यासाठी पॅकेटांचा पूर यावा लागत नाही हो, एक पॅकेट पुरतं. बाइंडच्या कोडमध्ये जागोजागी तपासण्या (असर्शन) आहेत, इथे अमुक गोष्ट अशीच असली पाहिजे म्हणून, आणि ती तशी नसली की चुकीच्या मेमरीवर पुढे काम करण्यापेक्षा प्रोग्रॅम स्वतःच थांबतो. विचार चांगलाच आहे, पण बाहेरच्या कुणाला ती तपासणी मुद्दाम फेल करता आली की सगळ्यांचं नाव शोधणं बंद.

जुलै २०१५ मध्ये नेमकं हेच झालं, टीकी (TKEY, सर्व्हरशी गुप्त किल्ली ठरवायची) क्वेरीची चूक, सुरक्षेच्या चुकांच्या जाहीर यादीतला नंबर सीव्हीई-२०१५-५४७७. टीकीचं रेकॉर्ड आधी पॅकेटच्या अ‍ॅडिशनल भागात शोधायचं, नाही मिळालं तर आन्सर भागात, कारण विंडोज २००० ते तिथे ठेवायचं. दुसऱ्यांदा शोधण्याआधी एक व्हेरिएबल रिकामं करायचं राहून गेलं, बस एवढंच! बाइंड ९.१.० पासूनची ही चूक, दुरुस्ती ९.९.७-पी२ आणि ९.१०.२-पी३ मध्ये आली. ऑथोरिटेटिव्ह (स्वतःच्या डोमेनची उत्तरं देणारे) आणि रिकर्सिव्ह (इतरांकडून उत्तर शोधून आणणारे) दोन्ही सर्व्हर त्यात सापडले.

एसीएल (कुणाला परवानगी द्यायची त्याची यादी) लावून उपयोग नव्हता, कारण परवानगी तपासायच्या आधीच तो कोड चालतो. साध्या फायरवॉलला पोर्ट ५३ वरचं हे पॅकेट इतर क्वेरींसारखंच दिसतं, डीएनएस आतून वाचणारी असेल तरच काही आशा. आपोआप रिस्टार्ट लावून ठेवा जरूर, पण समोरचा दर सेकंदाला पॅकेट पाठवत बसला तर काय करणार?

तुमच्याकडे हीच चूक आहे असं मी इथून म्हणणार नाही, असर्शनच्या चुका पुढेही सापडल्यात. त्या ओळीतलं फाइलचं नाव आणि लाइन नंबर आधी जपून ठेवा, मग अपडेट करा. लिनक्स डिस्ट्रोचं पॅकेज असेल तर नुसत्या व्हर्जन नंबरवर जाऊ नका, दुरुस्ती जुन्या नंबरातच घातलेली असते, चेंजलॉगमध्ये सीव्हीई नंबर शोधा. आणि अपडेटनंतर सर्व्हिस रिस्टार्ट झालीये का ते बघाच, नाहीतर डिस्कवर नवं आणि मेमरीत जुनंच चालू राहतं.