आर्गो : महासागराची माहिती कोण गोळा करतो, कोण तपासतो?

प्रश्न : हिंदी महासागराविषयीच्या बातम्यांत कधी हैदराबादच्या ‘इन्कॉईस’चा (भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राचा) उल्लेख असतो, तर कधी ‘आर्गो’ या आंतरराष्ट्रीय जाळ्याचा. या दोहोंचा परस्परसंबंध काय? (शिक्षक, सावंतवाडी)

उत्तर : आर्गो ही एखादी स्वतंत्र संस्था नसून अनेक देशांनी मिळून चालवलेली निरीक्षणव्यवस्था आहे. माणसाच्या उंचीएवढी, नळकांड्यासारखी सुमारे ४,००० यंत्रे जगभरच्या समुद्रांत प्रवाहाबरोबर वाहत असतात. त्यांना फ्लोट म्हणतात. एक फ्लोट साधारण १,००० मीटर खोलीवर राहतो, दर दहा दिवसांनी २,००० मीटरपर्यंत उतरतो आणि वर येताना तापमान, क्षारता व दाब मोजून ते आकडे उपग्रहाकडे पाठवतो. फ्लोट सोडण्याचा खर्च त्या त्या देशाचा असतो आणि आकड्यांची पहिली तपासणीही राष्ट्रीय केंद्रातच होते; भारतासाठी हे काम इन्कॉईस करते. तपासलेले आकडे फ्रान्समधील ब्रेस्ट आणि अमेरिकेतील मॉन्टेरे येथील दोन जागतिक केंद्रांत जमा होतात. दोन्हीकडे एकच साठा ठेवलेला असतो, म्हणजे एक बंद पडले तरी दुसऱ्यावर काम चालते. याखेरीज इन्कॉईसकडे हिंदी महासागराच्या प्रादेशिक केंद्राची जबाबदारी आहे, आणि माझ्या मते तीच अधिक महत्त्वाची आहे.

प्रश्न : ती अधिक महत्त्वाची का? आकडे यंत्राने मोजले असतील, तर प्रादेशिक केंद्राने त्यात वेगळे काय करायचे? (अभियंता, पुणे)

उत्तर : यंत्र आकडा देते, तो खरा मानावा की नाही, हे समुद्र ओळखणाऱ्यालाच ठरवावे लागते. गंगा, ब्रह्मपुत्रा आणि इरावती यांचे पाणी पावसाळ्यानंतर बंगालच्या उपसागराच्या उत्तर भागात पृष्ठभागावर इतके पसरते की तेथे एक किलो पाण्यातील क्षार ३० ग्रॅमच्याही खाली जातात, तर उत्तर अरबी समुद्रात बाष्पीभवनामुळे हेच प्रमाण ३६ ग्रॅमच्या आसपास असते. जगाच्या सरासरीवर बेतलेली चाळणी लावली, तर बंगालच्या उपसागरातील अगदी खरे मोजमापही बिघडलेल्या यंत्राचे म्हणून बाजूला पडू शकते.

याच्या उलट धोकाही आहे. अनेक महिने पाण्यात राहिलेल्या संवेदकाचे क्षारतेचे आकडे हळूहळू सरकतात. मध्यंतरी तर काही उत्पादनमालिकांतील संवेदक प्रत्यक्षापेक्षा जास्त क्षारता दाखवू लागल्याचे लक्षात आले. हा फरक यंत्राचा आहे की समुद्रच बदलतो आहे, हे शेजारचे फ्लोट आणि जहाजावरून घेतलेली विश्वसनीय मोजमापे यांच्याशी ताडून पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. म्हणून आर्गोत तपासणी दोनदा होते : पहिली स्वयंचलित, साधारण २४ तासांच्या आत, दुसरी तज्ज्ञांकडून, सुमारे वर्षभराने. दुसऱ्या तपासणीला मनुष्यबळ लागते आणि तिची बातमी होत नाही, त्यामुळे निधी मागताना नवे फ्लोट घेण्याची भाषा जितकी सहज होते तितकी तपासनिसांची होत नाही, हे मला खटकते.

प्रश्न : आपल्या खर्चाने मिळालेली माहिती परदेशांना फुकट का द्यायची? आणि परक्यांचे फ्लोट आपल्या हद्दीत आले तर? (निवृत्त बँक अधिकारी, ठाणे)

उत्तर : मोसमी पावसाचा अंदाज बांधणाऱ्या संगणकीय प्रारूपाला केवळ भारतीय फ्लोटांचे आकडे पुरत नाहीत, विषुववृत्ताच्या दक्षिणेचा समुद्रही त्याला लागतो, आणि तेथील बरेचसे आकडे आपल्याला इतर देशांच्या फ्लोटांकडून विनामूल्य देवाणघेवाणीच्या याच नियमाने मिळतात. हद्दीचा प्रश्न मात्र रास्त आहे. युनेस्कोच्या आंतरशासकीय समुद्रविज्ञान आयोगाने १९९९ मध्ये ठराव करून, जे फ्लोट किनारी देशाच्या अधिकारक्षेत्रात वाहत जाण्याचा संभव आहे त्यांची पूर्वसूचना त्या देशाला द्यावी, असे ठरवले. सहकार्य टिकले ते अशा कोरड्या वाटणाऱ्या कलमांमुळे.

प्रश्न : मच्छीमारांना मिळणारा मासेमारी क्षेत्राचा सल्ला आर्गोवरून तयार होतो का? (वाचक, देवगड)

उत्तर : थेट नाही. तो मुख्यतः उपग्रहांनी टिपलेले पृष्ठभागाचे तापमान आणि हरितद्रव्य यांवर आधारलेला असतो.

प्रश्न : पदव्युत्तर प्रकल्पासाठी अरबी समुद्राचे आकडे वापरायचे आहेत. कोणती काळजी घ्यावी? (विद्यार्थिनी, रत्नागिरी)

उत्तर : आकडे कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येतात. प्रत्येक प्रोफाईलच्या (म्हणजे फ्लोटने एकदा वर येताना घेतलेल्या मोजमापांच्या) फाईलनावाच्या सुरुवातीचे अक्षर आधी पाहा : ‘आर’ असेल तर केवळ पहिली तपासणी झालेली आहे, ‘डी’ असेल तर दुसरीही. दीर्घकालीन बदल अभ्यासायचा असल्यास ‘डी’च घ्या आणि त्यातही मूळ नव्हे, तर सुधारित मूल्यांचे स्तंभ वापरा. प्रत्येक मूल्याशेजारी दर्जाचा अंक असतो. १ म्हणजे चांगले, ४ म्हणजे टाकाऊ. किती मूल्ये गाळली आणि का, हे प्रबंधात नोंदवा. परीक्षक बहुधा तेच आधी विचारतील.