प्रश्न वाचकांचे : दसऱ्याला मशीन आणू का?

प्रश्न : कुपवाड एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे, तीन सीएनसी टर्निंग (संगणकावर चालणारे लेथ) आणि दोन जुने लेथ. पुण्याच्या एका पुरवठादारासाठी दुचाकीचे रॉकर शाफ्ट, व्हॉल्व्ह गाइड, चाकाचा स्पेसर आणि ब्रेक कॅम करतो. काम एका पाळीत चालतं, बिलाचे पैसे यायला ९० दिवस लागतात. विजेच्या गाड्या आल्या, आता बदललं पाहिजे, असं म्हणून धाकटा भाऊ ३५ लाखांचं व्हीएमसी (मिलिंग-ड्रिलिंगचं संगणकावर चालणारं मशीन) घ्यायच्या मागे लागलाय. बँक १० टक्क्यांनी पाच वर्षांसाठी २८ लाख देते. दसऱ्याला आणू का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : खंडेनवमीला झेंडूचा हार जुन्या लेथलाही शोभतो. यंदा तेवढंच करा.

आधी चारही ड्रॉइंग टेबलावर पसरा. रॉकर शाफ्ट आणि व्हॉल्व्ह गाइड इंजिनाच्या हेडमधले. विजेच्या स्कूटरला व्हॉल्व्हच नाही, म्हणजे ही दोन कामं पेट्रोलच्या गाडीबरोबरच जगणार आणि तिच्याबरोबरच जाणार. चाक आणि ब्रेक विजेच्या गाडीलाही लागतात. मोटर चाकातच बसवलेली असेल तर मात्र स्पेसरचंही ड्रॉइंग बदलतं. तुमच्या बिलातला किती हिस्सा पहिल्या दोन पार्टांचा, हे पत्रात नाही. मला सगळ्यात आधी तेच हवं होतं.

बीएस-६ या धुराच्या नियमांची तारीख, १ एप्रिल २०२०, सरकारने २०१६ मध्येच सांगून ठेवली होती. बहुतेक दुचाकींचा कार्ब्युरेटर गेला, पण ते पार्ट करणाऱ्यांना चार वर्षं मिळाली. पेट्रोलच्या दुचाकीला अशी देशभराची तारीख सरकारने दिलेली नाही, म्हणून घाबरून कर्ज काढू नका.

आता हप्ता. तो साधारण ५९,५०० रुपये येईल. एक पाळी, २५ दिवस, म्हणजे २०० तास. त्यात सेटिंग (नव्या कामासाठी मशीन लावणं), इन्सर्ट (कापणारी टीप) बदलणं, माल न येणं, ऑपरेटरच्या मेव्हण्याचं लग्न. समजा मशीन ८० टक्के वेळ चालू, वेग ७५ टक्के, चांगला माल ९५ टक्के. आकडे सुटे पाहिले तर बरे वाटतात. गुणाकार केला की ५७ टक्के. हाती कामाचे ११४ तास, म्हणजे तासाला ५२२ रुपये नुसता हप्ता. वीज, कूलंट, पगार वेगळे. तेच मशीन दोन पाळ्यांत ७० टक्क्यांनी चाललं तर २८० तास आणि २१२ रुपये. तुम्हाला जॉबवर्कचा तासाला काय दर मिळतो?

म्हणून आधी तिन्ही सीएनसींशेजारी एकेक वही टांगा. मशीन कधी थांबलं, का थांबलं, ऑपरेटरनेच लिहायचं, महिनाभर. माझी बहुतेक नोकरी मशीन शॉपमध्ये गेली. वेळ खाणारा गडी बहुतेकदा सेटिंगच निघतो. तो वेळ कमी करायला ३५ लाख लागत नाहीत.

भावाचं एक बरोबर आहे. मोटरची हाउसिंग, कव्हरं ही ॲल्युमिनियमची कास्टिंगं, त्यांचं मिलिंग, ड्रिलिंग, टॅपिंग हे व्हीएमसीचंच काम. शेजारच्या साताऱ्याकडे पाहा. १९७५ ला उभ्या राहिलेल्या महाराष्ट्र स्कूटर्समध्ये प्रिया स्कूटर बनायची. गिअरच्या स्कूटरचे दिवस सरल्यावर तिथे डायकास्टिंगच्या डाय (साचे) आणि पार्ट पकडायचे जिग, फिक्स्चर होऊ लागले. चेतक २०२० मध्ये विजेवर परतली, पण तोवर हातावर हात ठेवून बसणं कुणाला परवडलं असतं?

पुण्याचा माणूस ‘देऊ की काम’ म्हणाला तर चहा पाजून परत पाठवा. ड्रॉइंग, महिन्याचं शेड्यूल आणि दर कागदावर आला, पीपीएपीला (नमुन्याचे पार्ट मंजूर करून घ्यायला) किती वेळ देणार हे ठरलं, की मशीन बुक करा, मग मुहूर्त कुठलाही असो.

आणि ते ९० दिवस. हप्ता दर महिन्याला कापला जाणार. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म-लघु पुरवठादाराचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात. सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून तुमची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी झालीय ना? नसेल तर ती याच आठवड्यात करा. वही भरली की तिची पानं आणि चारही पार्टांच्या बिलाचे आकडे मला पाठवा.